दोघांची नौका आणि वांटून घेतलेली रात्र

समुद्रपर्यटनाचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन यांचीं जहाजें उभीं राहतात. नव्या भूमीचा शोध, मसाल्यांचा व्यापार, आरमारांच्या झटापटी आणि राज्यांच्या उलथापालथी यांनींच त्या इतिहासाचीं पानें भरलेलीं आहेत. परंतु या इतिहासाची एक लहानशी शाखा अशीहि आहे कीं, जींत बहुधा कोणास राज्य मिळालें नाहीं, सोनें सांपडलें नाहीं, कीं नकाशावर नवी रेषा उमटली नाहीं. एखादें जोडपें आपल्या पैशानें शिडाची नौका विकत घेतें, हंगामांत कांठाकांठानें फिरून चार गोष्टी शिकतें, आणि एके दिवशीं संध्याकाळीं बंदरांत न परततां तसेंच पुढें जातें. किनाऱ्यावरचे दिवे मागें पडतात आणि त्या दोघांची समुद्रावरील पहिली रात्र सुरू होते. एवढीच ती गोष्ट!

आपल्याकडे संसाराला नौकेची उपमा देण्याची चाल फार जुनी आहे. लग्नसमारंभांतील आशीर्वादपर भाषणांत ती हटकून ऐकूं येते. या उपमेंतील नावाडी बहुधा पति असतो. पत्नी नौकेंत बसलेली असते. उपमा देणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं रात्रीच्या समुद्रांत नौका हाकलेली असेल. ज्या जोडप्यांनीं ती खरोखरच हाकली त्यांचा अनुभव मात्र या उपमेशीं जुळत नाहीं. आणि तो कां जुळत नाहीं, हें इतिहासाच्या आधारानें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम रात्रीच्या प्रवासाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. जमिनीवर राहणाऱ्या माणसास खोल पाण्याची भीति वाटते आणि किनारा दिसला कीं हायसें वाटतें. खलाशाचा हिशेब याच्या अगदीं उलट असतो. लांबच्या खोल समुद्रांत नौकेस हवी तेवढी मोकळी जागा असते. खडक, वाळूचे दांडे, भरती-ओहोटीचे ओढे हीं सर्व संकटें किनाऱ्यालगत असतात. म्हणून अंधाराला भिऊन जो नवशिका अनोळखी बंदराच्या दिव्यांकडे धांव घेतो, तो सुरक्षिततेकडे न जातां नेमका धोक्याच्या तोंडीं जातो. अनुभवी माणूस आपला प्रवास अशा बेतानें आंखतो कीं, किनाऱ्याजवळ पोंचावें तें पहाटे, उजाडण्यापूर्वीं थोडा वेळ. दीपस्तंभाचा प्रकाश किती सेकंदांनीं व किती वेळां चमकतो हें मोजून ठिकाण ओळखावयास अंधार हवा, आणि मग बंदरांत शिरावयास उजेड हवा. पहाटे हीं दोन्ही मिळतात. दुसऱ्या जहाजांचे दिवेहि असेच वाचावे लागतात. डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. तांबडा एकटा दिसला तर त्या जहाजाची डावी बाजू आपल्याकडे आहे. हिरवा एकटा दिसला तर उजवी. आणि दोन्ही एकदम दिसले तर तें जहाज सरळ आपल्याच रोखानें येत आहे!

पण दिव्यांची ही बाराखडी एका आठवड्यांत पाठ होते. खरा प्रश्न झोंपेचा आहे. बैलगाडी रात्रीं झाडाखालीं सोडतां येते. खोल समुद्रांत नांगर तळाला पोंचत नाहीं आणि वारा तर कोणाच्या झोंपेसाठीं थांबत नाहीं. मोठ्या जहाजावर खलाशांच्या टोळ्या चार चार तासांचा पहारा आळीपाळीनें करतात. दोघांच्या नौकेंत दोन टोळ्या म्हणजे दोन माणसें. एक झोंपला कीं दुसरा तोच कप्तान, तोच सुकाणूंवाला, तोच टेहळ्या. त्या तीन-चार तासांपुरता झोंपलेल्या माणसाचा जीव पूर्णपणें जागणाऱ्याच्या हातीं असतो. पत्नी केवळ सोबतीसाठीं आलेली असेल तर पतीला झोंप घेतां येत नाहीं. आणि न झोंपलेला माणूस तिसऱ्या दिवशीं दिवेहि नीट वाचूं शकत नाहीं. अर्थात् दोघांच्या नौकेंत बायकोनें नावाडी होणें ही सवलत किंवा हौस नसून तो नौकानयनाचाच एक नियम आहे. हा नियम लोकांच्या ध्यानीं यावयास मात्र पाऊणशें वर्षें लागलीं.

इंग्लंडांत हौशी नौकानयनाची आवड वाढली तेव्हां सधन मालक पगारी खलाशी ठेवीत आणि स्वतः मालक व त्याची पत्नी पाहुण्यांसारखीं बसत. रात्रीचा पहारा हें नोकरांचें काम. या रीतीस फांटा देणाऱ्यांत रिचर्ड मॅकमलन याचें नांव अग्रगण्य आहे. त्याचें आपल्या सफरींवरील पुस्तक १८६९ सालीं निघालें व तें अनेक हौशी लोकांचें पाठ्यपुस्तक झालें. पगारी माणसांशीं न पटल्यामुळें त्यानें १८७७ सालीं आपली मोठी नौका फ्रान्सच्या किनाऱ्यावरून एकट्यानेंच घरीं आणली. पुढें १८९१ च्या उन्हाळ्यांत इंग्लिश खाडींत दुसऱ्या एका नौकेंत तो एकटाच असतां त्यास मृत्यु आला. फ्रेंच कोळ्यांना ती नौका सांपडली तेव्हां मालक मरून पडलेला होता आणि शिडें उभारलेलींच होतीं. नोकर नकोत असें ठरल्यावर दोनच मार्ग उरतात: एकट्यानें जाणें किंवा घरच्या माणसाबरोबर जाणें. मॅकमलनच्या अंतानें पहिल्या मार्गाची किंमत सर्वांना दाखविली.

दुसऱ्या मार्गाचें एक जुनें व गाजलेलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील न्यू बेडफर्ड हें देवमाशांच्या शिकारीचें मोठें बंदर. तेथील थॉमस क्रॅपो या खलाशानें १८७७ सालीं वीस फुटांहूनहि किंचित् आंखूड अशा नौकेंतून अटलांटिक ओलांडण्याचें ठरविलें. प्रथम बेत एकट्याचा होता. परंतु पत्नी जोआना हिनें मागें राहण्याचें साफ नाकारलें. मेअखेरीस दोघें निघालीं, वाटेंत चॅटम येथें दुरुस्ती करून पुढें गेलीं, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर न्यूलिन येथें पोंचलीं. अशा होडक्यांतून एका स्त्रीनें महासागर ओलांडला याचें लोकांस मोठें नवल वाटलें व नौका प्रदर्शनांत मांडली गेली. पुढें १८९३ सालीं या साहसाची हकीकत पुस्तकरूपानें आली. त्याच्या नांवांत ‘कॅप्टन थॉमस क्रॅपो आणि पत्नी’ असा उल्लेख आहे. पतीचें नांव आहे, हुद्दा आहे. पत्नी ही नुसती ‘पत्नी’. त्या काळच्या वाचकांस यांत कांहींच वावगें वाटलें नसावें. जी स्त्री जवळजवळ सात आठवडे त्या होडक्यांत राहिली, तिच्या नांवाची गरज मुखपृष्ठाला भासली नाहीं.

यानंतरचें जोडपें अधिक परिचित आहे. एर्स्किन चिल्डर्स हा इंग्लंडच्या पार्लमेंटांतील कारकून. त्याच्या ‘द रिडल ऑफ द सँड्स’ या १९०३ सालच्या कादंबरीनें त्याचें नांव झालें. त्याला उत्तर समुद्र व बाल्टिक समुद्र यांतील उथळ पाण्याची बारीक माहिती होती. जानेवारी १९०४ मध्यें त्यानें बोस्टन शहरांतील मेरी ऑसगूड, घरगुती नांव मॉली, हिच्याशीं विवाह केला. बालपणींच्या अपघातामुळें मॉलीचे पाय कायमचे अधू झाले होते व तिला काठ्यांच्या आधारानें चालावें लागे. तिच्या मातापित्यांनीं लग्नाची भेट म्हणून काय द्यावें? त्यांनीं नॉर्वेंतील कोलिन आर्चर या नामांकित कारागिराकडून ५१ फुटी शिडाची नौका बांधवून घेतली. ती १९०५ सालीं तयार झाली; ‘आस्गार्ड’ हें तिचें नांव.

चालतांना जिला कष्ट पडत ती स्त्री नौकेवर काय करणार, अशी शंका कोणासहि येईल. परंतु सुकाणूं धरावयास धांवावें लागत नाहीं. वाऱ्याची दिशा गालावर ओळखणें, लाटेचा रोख पाहून सुकाणूं किंचित् आधींच वळविणें, होकायंत्रावर नजर ठेवणें, यांस लागतात तीं डोळे, हात व शांत मन. मॉली या कामांत तरबेज झाली. बाल्टिकच्या सफरींत ती असे, आणि जमिनीवर काठीशिवाय पाऊल न टाकूं शकणारी ही स्त्री पाण्यावर पतीच्या बरोबरीची ठरली.

या शिक्षणाची कसोटी जुलै १९१४ मध्यें लागली. आयर्लंडांतील स्वयंसेवक दलासाठीं बंदुका आणण्याचें काम चिल्डर्स दांपत्यानें अंगावर घेतलें. नौकेवर या दोघांखेरीज मेरी स्प्रिंग राइस ही आयरिश बाई, गॉर्डन शेफर्ड हा मित्र आणि डोनेगॉलचे दोन कोळी होते. बेल्जमच्या किनाऱ्याबाहेर एका दीपनौकेजवळ रात्रीच्या अंधारांत दुसऱ्या बोटीवरून ९०० बंदुका व हजारों काडतुसें आस्गार्डवर चढविण्यांत आलीं. राहण्याची सर्व जागा बंदुकांनीं भरली. मंडळींनीं त्यांवर गाद्या टाकून झोंप काढली. परतीच्या वाटेवर ब्रिटिश युद्धनौकांच्या मधून रात्र काढावी लागली व आयरिश समुद्रांत वादळहि झालें. २६ जुलै रोजीं आस्गार्ड डब्लिनजवळील हौथ बंदरांत शिरली तेव्हां सुकाणूं मॉलीच्या हातीं होतें. लग्नाच्या भेटीचा असा उपयोग होईल हें देणाऱ्यांच्या स्वप्नींहि नसेल! पुढें यादवी युद्धांत, २४ नोव्हेंबर १९२२ रोजीं, नव्या आयरिश सरकारनें चिल्डर्सला गोळ्या घालून ठार केलें. आस्गार्ड मात्र डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जतन केलेली आहे. राजकारणाचा भाग बाजूस ठेवला तरी आपल्या विषयापुरती एवढी गोष्ट निश्चित दिसते कीं, या नौकेवर पत्नी ही प्रवासी नव्हती.

हें झालें यशाचें उदाहरण. परंतु रात्र वांटून घेणें हें केवळ इच्छेवर अवलंबून नसतें. नौका तशी असावी लागते. हा धडा डेव्हिसन दांपत्यास फार भयंकर रीतीनें मिळाला. फ्रँक डेव्हिसन हा इंग्लंडांत विमानतळ चालवीत असे आणि त्याची पत्नी अॅन ही स्वतः विमान चालविणारी, त्या काळीं विरळा अशी स्त्री होती. महायुद्धानें विमानतळ गेला. पुढें स्कॉटलंडांतील लोमंड सरोवराच्या बेटांवर पशुपक्षी पाळून पाहिले. शेवटीं दोघांनीं ‘रिलायन्स’ नांवाची सत्तर फुटांची जुनी मासेमारीची नौका घेतली व तींतून दूर देशीं जाण्याचें ठरविलें. डागडुजीनें जवळचे पैसे खाल्ले. मग कर्ज झालें. मग सावकारांची जप्ती दिसूं लागली. मे १९४९ मध्यें पुरेशी तयारी नसतांना, दोघेंच, फ्लीटवुड बंदरांतून तीं निघालीं. मागें देणेकरी होते, पुढें वादळें होतीं.

येथें वाचकांनीं जरा थांबून विचार करावा. विमान चालविणारी स्त्री घाबरट असणें शक्य नाहीं, आणि तिचा पतीहि कष्टाळू होता. उणीव धैर्याची नव्हती. सत्तर फुटी नौकेचें ओलें, जड शीड उतरवावयाचें तर दोघांसहि उठावें लागे. अर्थात् एक झोंपला असतां दुसऱ्यानें नौका संभाळावी ही व्यवस्थाच तेथें अशक्य होती. रात्री वांटल्या गेल्या नाहींत. त्या दोघांच्याहि अंगावर एकदमच पडत गेल्या. यंत्रानें दगा दिला, वाऱ्यानें नौका इंग्लिश खाडींत आणून सोडली, आणि ४ जून १९४९ च्या रात्रीं पोर्टलंड बिल या भूशिराच्या खडकांवर ती आपटली. या भूशिरापुढें भरती-ओहोटीचा प्रवाह इतक्या जोरानें धांवतो कीं वारा नसतांहि पाणी उकळल्यासारखें दिसतें. दोघें तरंगत्या तराफ्यावर उतरलीं. प्रवाहानें तो तराफा ओढून नेला. फ्रँकनें त्या तराफ्यावरच प्राण सोडला. अॅन किनाऱ्याला लागली व कडा चढून एकटी वर आली.

१९५१ सालीं तिनें या प्रवासाची हकीकत प्रसिद्ध केली. ‘लास्ट व्हॉयेज’ हें तिचें नांव वाचून या बाईनें समुद्राला कायमचा रामराम ठोकला असेल असें कोणासहि वाटेल. पण १८ मे १९५२ रोजीं प्लिमथ बंदरांतून २३ फुटांची एक चिमुकली नौका निघाली आणि तिच्यावर अॅन डेव्हिसन एकटी होती. जिब्राल्टर, कासाब्लँका, कॅनरी बेटें असे टप्पे घेत, नोव्हेंबरांत शेवटची भूमि सोडून, जानेवारी १९५३ मध्यें ती वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटास पोंचली. एकटीनें अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री होय. सत्तर फुटांनंतर तेवीस फूट! जें आपल्या दोन हातांना पेलेल तेंच घ्यावें, हा धडा तिनें पतीच्या मृत्यूच्या किंमतीनें विकत घेतला होता. मात्र या प्रवासांत रात्रीचा दुसरा अर्धा भाग घेणारें कोणी नव्हतें. नौका वाऱ्यावर सोडून, मिळेल तेव्हां तुकड्या-तुकड्यानें झोंप घ्यावयाची; आणि कोणी जागें नाहीं हें जाणूनच डोळे मिटावयाचे.

शेवटचें जोडपें असें आहे कीं त्याचा हिंदुस्थानाशीं जवळचा संबंध होता. माइल्स स्मीटन हा हिंदी लष्करांतील अधिकारी. ब्रह्मदेशांतील लढाईंत तो होता व ब्रिगेडियरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. त्याची पत्नी बेरिल हिला भ्रमंतीचें वेड होतें. १९३९ सालीं या दोघांनीं चित्रळांतील तिरिच मीर शिखराकडे चढाई केली तेव्हां पुढें एव्हरेस्टमुळें जगप्रसिद्ध झालेला तेनसिंग त्यांच्याबरोबर होता. युद्धानंतर दोघें कॅनडांत शेती करूं लागलीं. त्यांचा पैसा इंग्लंडांत अडकला होता आणि तो बाहेर नेण्यास सरकारी निर्बंध होते. म्हणून त्या पैशांत एक नौका घ्यावी, ती कॅनडास न्यावी व तेथें विकावी, असा व्यवहारी बेत त्यांनीं केला. अडचण एवढीच होती कीं दोघांपैकीं एकालाहि नौका हाकतां येत नव्हती! हाँगकाँगमध्यें बांधलेली ४६ फुटी ‘त्झू हँग’ त्यांनीं घेतली, वाटेंत चालवतां चालवतांच शिकलीं, आणि लहान मुलीसह कॅनडास पोंचलीं. नौका विकली मात्र गेली नाहीं. तीच त्यांचें घर झाली.

डिसेंबर १९५६ मध्यें तीं मेलबर्नहून केप हॉर्नच्या वाटेनें इंग्लंडास निघालीं. जॉन गझवेल हा तरुण नाविक बरोबर होता. १४ फेब्रुवारी १९५७ रोजीं, दक्षिण महासागरांत, एका प्रचंड लाटेनें नौका पालथी केली. त्या वेळीं पहाऱ्यावर बेरिल होती. दोघे पुरुष खालीं होते. ती पाण्यांत फेंकली गेली, कमरेची दोरी तुटली, खांद्यास जबर दुखापत झाली, तरी पोहत ती नौकेच्या तुटक्या डोलकाठीपर्यंत आली व तिला वर ओढून घेण्यांत आलें. दोन्ही डोलकाठ्या गेल्या, सुकाणूं गेलें, माथ्यावर मोठें भगदाड पडलें, आंत पाणी भरलें. बादल्यांनीं पाणी उपसून, भगदाड बुजवून, तात्पुरत्या काठीवर शीड उभारून तिघें महिन्याहून अधिक काळानें चिलीच्या किनाऱ्यास लागलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पतिपत्नींनीं, या वेळीं दोघांनींच, पुन्हां प्रयत्न केला आणि नौका पुन्हां उलटली. पुन्हां तीं जिवंत परतलीं. अखेर १९६८ सालीं त्यांनीं केप हॉर्न ओलांडलें.

या हकीकतींतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. १४ फेब्रुवारीच्या त्या वेळीं, पृथ्वीवरील अत्यंत भयंकर समजल्या जाणाऱ्या समुद्रांत, वादळ चालूं असतां सुकाणूं बेरिलच्या हातीं होतें आणि पति निर्धास्तपणें खालीं होता. माइल्सनें आपल्या पुस्तकांत याचें समर्थन केलेलें नाहीं, कारण समर्थनाची गरज त्याच्या मनासच शिवली नसावी. पहाऱ्याची पाळी तिची होती, एवढेंच. क्रॅपोच्या पुस्तकावरील बिननांवाची पत्नी आणि त्झू हँगच्या सुकाणूंवरील बेरिल यांच्यामध्यें केवळ ६४ वर्षांचें अंतर आहे.

आज उपग्रहांच्या साहाय्यानें नौकेचें स्थान क्षणांत कळतें, वाऱ्याच्या किंवा विजेच्या यंत्रानें सुकाणूं आपोआप वळतें, जवळच्या जहाजांची नांवें पडद्यावर उमटतात. तरीहि १९७२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक नौकेनें सदैव डोळ्यांनीं व कानांनीं टेहळणी ठेवलीच पाहिजे अशी आज्ञा आहे, आणि ती अजून लागू आहे. जागा माणूस यंत्रानें रद्द केलेला नाहीं. आपल्या गोव्याहून २ ऑक्टोबर २०२४ रोजीं भारतीय नौदलाच्या दिलना के. व रूपा ए. या दोन अधिकारी स्त्रिया ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या व मे १९२५ नव्हे, तर पूर्ण शंभर वर्षांनंतरच्या मे २०२५ मध्यें गोव्यासच परतल्या. त्या नवशिक्या नव्हत्या आणि हें नातें पतिपत्नीचेंहि नव्हतें. परंतु जवळजवळ आठ महिने त्यांनाहि तोच जुना नियम पाळावा लागला: एकीनें जागावें म्हणजे दुसरीनें झोंपावें.

यावरून संसारनौकेच्या आपल्या उपमेकडे पाहिलें तर तिची अपुरी बाजू स्पष्ट होते. एकानें सदैव वल्हवावें व दुसऱ्यानें सदैव बसावें ही व्यवस्था दिवसाच्या फेरफटक्यापुरती चालते. रात्र आली कीं ती मोडते. आपण विश्वासाची परीक्षा संकटसमयीं दाखविलेल्या धैर्यावरून करतों. या जोडप्यांचा इतिहास पाहतां ती परीक्षा झोंपेनें करावी असें वाटतें. मध्यरात्रीं पहाऱ्यावरून उठून, ओले कपडे उतरवून, दुसऱ्याला वारा, दिवे व दिशा एवढें सांगून जो मनुष्य निमूटपणें आडवा होतो आणि खरोखरच झोंपीं जातो, त्यानें आपल्या जोडीदाराची योग्यता जेवढी मान्य केली तेवढी कोणत्याहि गौरवपर भाषणानें होणार नाहीं.